ते पाय सुपडू भोई यांचेच आहेत

मी सुकदेव सुपडू भोई, वय वर्षे पंचवीस, शिक्षण सातवी नापास, धंदा बोअरिंगच्या गाडीवर मजुरी, राहणार तापीकाठ, तालुका अमळनेर, जिल्हा जळगाव, हल्ली मुक्काम पोकरणच्या पुढे, जिल्हा जैसलमेर, डोके ठिकाणावर ठेवून लिहितो की मला ताप नाही, मी प्यायलेलो नाही, कुणी मला शिकवून बसवलेले नाही. राग आलेला आहे. पण राग आला म्हणजे माणूस वेडा ठरतो असे कायद्यात कुठेही नाही, हे मी आमचे मुकादम यादवराव यांना विचारून घेतले आहे.

पंचविशीत मृत्युपत्र कशाला, असे वाचणारा म्हणेल. गेल्या महिन्यात इथल्या जुन्या विहिरीत अडकलेला पाइप काढताना वाळूची भिंत बसली आणि आमच्यातला एक गडी आतच राहिला. त्याची पेटी उघडली तर ती कुणाला पाठवायची हे कुणालाच माहीत नव्हते. परवापासून तेच काम पुन्हा सुरू होत आहे. अंगाने मी सगळ्यांत सडपातळ, म्हणून उतरायचे माझ्याकडे आले आहे. त्यातच आठ दिवसांपूर्वी धाकट्या बहिणीचे, प्रमिलाचे, पत्र आले. ते वाचल्यापासून मला धीर धरवत नाही.

पहिले. घरातला माझा जो काही हिस्सा निघेल तो आई भिकुबाई हिला. पोस्टाचे पुस्तकही तिलाच. कुण्या चुलत्याने मध्ये हात घालू नये.

दुसरे. ट्रान्झिस्टर आईला. बॅटरीजवळची पट्टी सैल आहे, तिथे कागदाची घडी घालावी. थापट्या मारू नयेत.

तिसरे. तापीच्या पात्रातली आमची टरबूज-डांगराची वाडी. नदीच्या वाळूला सातबारा नसतो. नदी दरवर्षी देते आणि पावसाळ्यात परत नेते. म्हणून जागा कुणाच्या नावे करता येत नाही. पण वाडी लावण्याची आमची रीत ही आमची इस्टेट आहे आणि तीच पुढच्या भांडणाचा पुरावा आहे, म्हणून लिहून ठेवतो. ओल लागेपर्यंत वाळूत सरी खणायची, शेणखत घालायचे, बी लावायचे. मग पश्चिमेच्या वाऱ्याने रोपे वाळूत गाडली जाऊ नयेत म्हणून सरीच्या कडेने तुराट्या तिरप्या रोवायच्या आणि त्या केळीच्या सोपटाने, म्हणजे खोडाच्या वाळलेल्या सालीने, बांधायच्या. सुतळी विकत आणायची नाही. केळीच्या मुलखात सोपट फुकट मिळते.

चौथे. आता मूळ मुद्दा.

‘रेत की सौगंध’ हा सिनेमा अमळनेरात कुणाला माहीत नाही असे नाही. शेवटी हिरो पाण्यावाचून वाळवंटात चालत चालत मरतो आणि पडद्यावर फक्त त्याचे अनवाणी पाय दिसतात, तो सिनेमा. रुपचंदच्या हॉटेलात त्याच्या शौकिनांचे मंडळ बसते. तेल कारखान्यातून रिटायर झालेले अभिमन नाना अध्यक्ष. सिनेमा कुठे काढला यावर त्यांची भांडणे व्हायची. वना टेलर म्हणायचा बिकानेर, झुलाल म्हणायचा कच्छ, आणि अभिमन नाना मासिकांतली कात्रणे चिकटवलेली वही आपटून म्हणायचे, जैसलमेर.

दोन वर्षांपूर्वी सिनेमाला पंचवीस वर्षे झाली म्हणून तो पुन्हा लागला आणि खेळ सुटल्यावर मंडळाने दारातच सभा घेतली. माझे वडील, सुपडू भोई, आयुष्यात कधी सभेत बोललेले नाहीत. त्या दिवशी उठले आणि म्हणाले, “नाना, ती आपली तापी शे. सिनेमावाला नऊ दिन आमना गावले व्हतात. हिरोना पायले चटका बसेत, म्हनीसन माले चालाडं. त्या पाय मना शेतस.” म्हणजे हिरोचे पाय भाजत, म्हणून त्याच्या जागी वडिलांना चालवले; ते पाय त्यांचे.

अभिमन नाना म्हणाले, “सुपडू, मुंडकं तरी हिरोचं होतं ना? का तेही तुझंच?”

वना म्हणाला, “नाना, गाणंबी ह्यानंच म्हटलं असंल, बायकी आवाजात!”

लोक हसले. हसू द्या, हसण्याचे एवढे काही नाही. पण दुसऱ्या दिवसापासून बाजारात हाक सुरू झाली. “ओ जैसलमेर, टरबूज कसं दिलं?” “जैसलमेर, जरा पाय दाखव!” माझ्या बापाने अमळनेरचा बाजार सोडला. दारात बाजार असताना तो माणूस टरबुजांची पोती रेल्वेत घालून, गाडी बदलून, बोदवडला जाऊन विकायला लागला. का, तर तिथे त्याला कुणी ओळखत नाही. आई म्हणायची, “पाय तुमना व्हतात, मंग तोंड कसाले दपाडतस?” तोंड का लपवता, असे ती विचारी; तो पोती शिवायला घ्यायचा.

मी इकडे आलो तो मजुरीसाठी, हे खरे. पण इथलीच गाडी धरली ती जैसलमेर एकदा डोळ्यांनी बघावे म्हणून, हेही खरे. भादव्याच्या मेळ्यात तंबूमध्ये हाच सिनेमा लागला होता, तो मी इथल्या लोकांत बसून पाहिला. गाण्यात किल्ला आला तेव्हा सगळा तंबू ओरडला, आपला किल्ला! तेव्हा गाणे जैसलमेरचे आहे, हे मी मान्य करतो. खोटे मला लिहायचे नाही. पण शेवटचे पाय आले तेव्हा तंबू गप्प झाला आणि शेजारचा उंटवाला म्हातारा मला विचारू लागला, “आ काईं बाड़ है? आ बाड़ म्हारै अठै री कोनी.” म्हणजे हे कुंपण कसले, असले आमच्याकडे नसते.

मी पाहिले. पायांच्या मागे, पडद्याच्या कोपऱ्यात, तिरप्या तुराट्यांची ओळ. सिनेमावाल्यांनी वाडी उपटायला लावली होती, तेवढी एक ओळ त्यांच्या नजरेतून सुटली. हिरो पाण्यावाचून मरतो आहे आणि मागे आमची टरबुजे वाऱ्यापासून सांभाळलेली आहेत. अभिमन नानांनी हा सिनेमा चाळीस वेळा पाहिला म्हणतात. चाळीस वेळा कुठे बघत होते?

खेळ संपल्यावर मी मशीनवाल्याच्या पाया पडलो. रीळ तिथेच तुटले होते, जोडताना त्याने बोटभर तुकडा कापून मला दिला. सिनेमा काळा-पांढरा, त्यामुळे तापीची करडी वाळू आणि इथली पिवळी वाळू सारखीच दिसते, म्हणून रंगावरून भांडता येत नाही. पण उन्हात धरून भिंगातून पाहिले की तुराट्यांना बांधलेले सोपट दिसते. नानांनी आता सांगावे, जैसलमेरला केळीच्या बागा कुठे आहेत? आणि डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली दिसते. ती बापाची आहे. तशीच माझ्याही पायाला आहे. विहिरीतून मला काढल्यावर तोंडावरून ओळखू आलो नाही तर पाय बघावा.

पाचवे. प्रमिलाचे पत्र. तिला स्थळ आले ते पिंप्राळ्याचे, मुलगा दवाखान्यात कंपाउंडर, आणि अभिमन नानांचा भाचा. नानांनी निरोप धाडला की खोटारड्याच्या घरची पोरगी आम्हाला चालायची नाही, आधी सुपडूने मंडळापुढे येऊन खोटे कबूल करावे. आणि माझा बाप गेला. रुपचंदच्या हॉटेलात हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, “माले भरम व्हयना व्हता. ते जैसलमेरच शे.” प्रमिलाने लिहिले आहे की त्यावर नानांनी बाबांना चहा पाजला.

तो चहा मला इथे शेकडो मैलांवर कडू लागला. पडद्यावर पाय चालतात, पण पायांचा मालक दारात उभा राहिला तर त्याने हात जोडायचे! तरी मी बापाला दोष देत नाही. पोरीसाठी त्याने आपले एकुलते खरे देऊन टाकले. दुसरे काही द्यायला त्याच्याकडे नव्हते.

म्हणून लिहून ठेवतो की वडिलांनी जो हक्क सोडला तो मी सोडलेला नाही. फिल्मचा तुकडा तंबाखूच्या डबीत, कापसात गुंडाळून ठेवला आहे. डबी आणि भिंग प्रमिलाला द्यावे. वडिलांना देऊ नये, ते लग्नाकडे बघून चुलीत घालतील. तो मंडळाला दाखवायचा की नाही, लग्नाआधी की नंतर, हे प्रमिलाने ठरवावे. तिच्यासाठी खोटे बोलले गेले, तेव्हा खरे सांगण्याचा पहिला हक्क तिचा. मोठा भाऊ म्हणून माझा जोर नाही. फक्त इतकेच की प्रमिला, जो मुलगा हे भिंगातून बघायला तयार नाही, त्याच्या घरी तू रोज काय दाखवशील?

सहावे. पाने आणि हातोडी पितांबरला. पितांबर माझा इथला जोडीदार, बोदवडचा. बारा नंबरचा पाना त्याचाच आहे, मी तीन महिने नाही म्हणत होतो.

सातवे. अभिमन नानांना मी काही ठेवत नाही. मौतीला आले तर येऊ द्यावे, पाणी द्यावे, चहा देऊ नये.

आठवे आणि शेवटचे. मी इथे गेलो तर दाखल्यावर मरणाचे ठिकाण जैसलमेर असे पडेल. ते कुणी खोडू नये, ते खरे असेल. आमच्या घरातले तेवढे एकच जैसलमेरला झाले असे समजावे. बाकी बठ्ठं तापीवर झालेलं शे.

हे मी स्वतःच्या हाताने लिहिले, दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवले आणि त्यांच्यासमोर सही केली.

सही : सुकदेव सुपडू भोई

साक्षीदार १ : यादव दगडू पाटील, मुकादम. (मजकूर ऐकला. विहिरीला आधी वाळू अडवणारी लोखंडी कडी बसवल्याशिवाय याला उतरवणार नाही, हे माझ्याकडून लिहून घेतले.)

साक्षीदार २ : पितांबर वेडू कोळी, राहणार बोदवड. (सिनेमा पाहिलेला नाही, तुकडा भिंगातून पाहिला. सुपडूबाबांना बोदवड स्टेशनावर अनवाणी पाहिलेले आहे. पाय तेच.)

ठिकाण : जिल्हा जैसलमेर
तारीख : ९ एप्रिल १९८९