बायकोच्या जागरणाची चिठ्ठी माझ्या नावावर

तीर्थस्वरूप ताईस,

गुडघा परवानगी देतो तेवढा वाकून नमस्कार. तुझी कंबर, भावोजींचा खोकला आणि तुम्हा दोघांची भांडणं जोरात असतील अशी आशा करतो.

इकडे तुझ्या भावजयीची झोप उडाली आहे. मला कसं कळलं म्हणशील, तर मी सलून कायमचं बंद केल्यापासून रोज मध्यरात्री मी तिला हलवून विचारतो, "झोप लागली का गं?" आणि दर वेळी ती जागीच सापडते! शेवटी मीच डॉक्टरांकडे गेलो. (आपल्या घरात स्वतःच्या दुखण्याची तक्रार स्वतः करायची पद्धतच नाही. बाबांचं पोट आई सांगायची आणि आईची दाढ तू.) डॉक्टर म्हणाले, समुपदेशन केंद्राला चिठ्ठी देतो, ते फोन करून वेळ देतील, पण ज्याचं दुखणं त्याची संमती हवी. आता ही ऐकते कुठली? म्हटलं, माझी संमती घ्या, माझंच नाव घाला, आयत्या वेळी तिला आत ढकलतो. सलूनमध्ये एकाचा नंबर दुसऱ्याने धरलेला नेहमीच चालायचा.

पण केंद्रात नाव पुकारलं माझं, आणि हिने ढकललं मलाच. नंबर फुकट जाऊ नये म्हणून बसलो. समोरच्या बाई माझ्या धाकट्या लेकीच्या वयाच्या, केसांना फाटे फुटलेले (ते मी आधी सांगून टाकलं). मग हिच्या जागरणाचं सगळं रामायण ऐकवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "आणि त्या वेळी तुम्ही का जागे असता?"

ताई, हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. हातात कात्री नसली की हात कुठे ठेवावेत ते कळत नाही गं. डोळे मिटले की त्या रिकाम्या खुर्च्या दिसतात. हे सगळं त्या बाईंना सांगितलं आणि रडलोसुद्धा. बाहेर आलो तर ही बाकावर गाढ घोरत होती. मी तिला हलवून विचारलं, "झोप लागली का गं?" त्यावर ती काय बोलली ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलंय, मलाच. कुणी विचारलं तर हिला झोपायला तो बाक मानवतो म्हणून जातो, असं सांग.

आणखी ता. क. घरातल्या कुणाशी मन मोकळं करता, असं त्या बाईंनी विचारलं. घाईत तुझं नाव सांगून बसलोय. तेव्हा एखाद्या रात्री फोन वाजला तर उचल. झोपली होतीस का, एवढंच विचारीन.