पिवळीच राहिलेली टेस्ट

पनवेल, मंगळवार, संध्याकाळ

ओवे गावच्या मावशींची टेस्ट पिवळीच राहिली. दुर्बिणीतून काढलेला जठराचा कण मी पिवळ्या जेलमध्ये टाकला. जंतू असले तर ते गुलाबी होतं. दुर्बिणीत तर जठराला सूज दिसली होती, म्हणून डॉक्टर सरांनी मावशींना विचारलं, "गोळ्या बंद केल्या होत्या ना?"

"सगल्या बंद," मावशी म्हणाल्या. "अ‍ॅसिडिटीची तेवरी रोज घेतली. उपाशी यायला सांगलं ना, बाय? ती उपाशीपोटीचीच हाय."

नेमकी तीच बंद हवी होती!

तेव्हापासून तो पिवळा ठिपका डोळ्यांसमोरून हलत नाही. पोटातल्या आंबट समुद्रात ते जंतू आपल्या एन्झाइमने स्वतःभोवती अमोनियाचं धुकं विणतात आणि त्यात जगतात. त्याच धुक्याने जेल गुलाबी होतं. गोळीने आम्ल ओसरलं, मग धुकं विणायचं कशाला? त्या पिवळ्यात ते पेंगत असतील, दिवेलागणीला मी पेंगतेय तसे.

आता पंधरा दिवस गोळी बंद, मग पुन्हा दुर्बीण. गोळीने जंतू झोपतात, जागे झाले की सापडतील, असं मीच मावशींना सांगितलं. गोळी चुकली की मावशी जळजळीने रात्र बसून काढतात.

त्या म्हणाल्या, "म्हंजे ते जागं व्हावं म्हून मी जलायचं?"

मला हो म्हणावं लागलं.