अब्बांशी भांडायला मनाई न्हाई

नगर, ४ फेब्रुवारी १९७३

तीर्थरूप अम्मास दिलावरचा सलाम.

मी बरा हाय, खानावळीत पोटभर मिळतं. पन धाकल्या जैनबचं कार्ड वाचून डोकं फिरलं. कबरीवर जानं हराम, असं चाचा म्हनला आन तू अब्बांकडं जायचं सोडलंस? बैल हरवला तवा पीराला कोंबड्याचा नवस कोन बोलला हुता, इचार त्याला. मी गावात असतो तर त्याच्या चपला लिंबावर टांगल्या असत्या.

मी इथल्या मौलवीसाहेबांनाच इचारलं. ते म्हनले, "कबरीपुढं डोकं टेकू नका. मेलेल्याकडं मागू नका, मग तो पीर का असेना. मागायचं ते अल्लाकडं. पण जाऊन सलाम करा, त्याच्यासाठी दुआ करा." चाचानं निम्मंच ऐकलं आन तुला रडवलं.

मी म्हनलं, "आमची अम्मा काय मागत न्हाई. ती अब्बांशी भांडायला जाती."

मौलवीसाहेब दाढीतल्या दाढीत हसले. "भांडून झालं की दुआ करायला सांग."

तवा शुक्रवारी जा. विहीर आटली म्हनून अब्बांना चांगलं सुनाव, जागा त्यांनीच दावली हुती. आन उठताना दुआ कर, माझ्या वाटची पन.

तुझा ल्योक,
दिलावर