ओटा सोडू नको

प्रिय दामिनीताई,

खाली वाकून नमस्कार करता येत नाही, कमरेत चमक भरली. कावून भरली, ते पुढं सांगतो. दहावीचा पेपर सोडून पळालेला तुझा भाऊ पत्र लिहून राहिला, यावरून समज. तू फोनच उचलत नाही, मग काय करू?

तू पडली ते आईनं सांगितलं. तिवस्यात योगाचं ज्ञान कुंदाकाकूले सर्वात जास्त, कारण तिचा टीव्ही मोठा. तिनं म्हणावं, खुर्चीत बसून अन् ओटा धरून कुठं योग असते काय, अन् तू लगेच ओटा सोडून एका पायावर उभं राहावं! अमरावतीच्या प्रतीक्षा मॅडमनं स्वयंपाकाचा ओटा मुद्दाम धरायले लावला होता ना? पोळ्या लाटताना तोल राहावा, थकायच्या आधी श्वास घेऊन थांबता यावं, यासाठीच त्यांची सारी आसनं. थेरपीवाल्या मॅडमपेक्षा काकूचा टीव्ही मोठा झाला काय? त्यात आपले बाबा. योग म्हटला की घाम निघाला पाहिजे म्हणून तुझी खुर्ची उन्हात! उन्हानं हिचे पाय कापसासारखे होतात असं मॅडमनं बजावलं, तर म्हणे कापसाले ऊन लागतेच.

इकडं मोरबीत आम्ही टाइल कारखान्याचे सारे एका खोलीत. दर रविवारी तू फोनवर आसनं सांगायची अन् मी करायचो, तेव्हा हे लोक हसत. मी समजावलं, ताईले मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, डोक्याचा निरोप पायापर्यंत जाताना रस्त्यातच अडकते, फाट्यावर ट्रॅक्टर अडकते तसा. मग ओडिशाचा आचारी बसला, मग बिहारचा भट्टीवाला. फोन तेलाच्या डब्याले टेकवून सारे रांगेत. तू श्वास सोडा म्हटलं की सारी खोली फुस्स! आता भट्टीवाला रोज विचारते, दीदी कब आएगी. मागच्या रविवारी तुझा फोन नाही, म्हणून मीच मास्तर झालो. खोलीत ओटा नाही, म्हणून मी भट्टीवाल्याचा खांदा धरला, त्यानं माझा, अन् दोघंही वरणानं भरलेल्या गंजात. कमरेची चमक ती. आचारी अजून बोलत नाही.

आता खरं लिहितो. मी कुठंच टिकत नाही, तुले माहीत आहे. नांदगाव पेठेची कंपनी सोडली, सुरत सोडलं, पुणं तर जेवणाच्या सुट्टीतच सोडलं. इथं टिकलो, कारण रविवारी तुले दिसायचं म्हणजे माणसाले एक ठिकाण लागते. तू रविवारचा फोन बंद केला अन् मी पिशवी भरून दाराशी ठेवली. कुठं जाणार, मलेही ठाऊक नाही. येत्या रविवारी खुर्ची सावलीत घे, ओटा घट्ट धर, कुंदाकाकू बोललीच तर तिलेही शेजारी बसव. इकडं तेलाचा डबा मांडून ठेवतो. तुझा फोन आला की पिशवीतले कपडे परत खुंटीवर.

तुझाच, सध्या एका पायावर उभा,
शिवम