बाळ क्रमांक दोनचे डोळे आजच तपासण्याबाबत

प्रति,
मा. पथकप्रमुख,
नवजात बालक नेत्रतपासणी फिरते पथक,
मुक्काम मुरबाड.

विषय : तपासणीपत्र क्र. ४२ वरील डोळे क्र. ४२ च्या बाळाचे नसल्याबाबत, व खरे डोळे आजच तपासून मिळण्याबाबत.

संदर्भ : आपल्या पथकाची दि. २/१२/२००९ ची तपासणीपत्रे क्र. ४१ व ४२.

महोदय,

अर्जदार सुंदरा कुंडलिक पष्टे, वय अंदाजे पंचावन्न, राहणार वैशाखरे, हिला लिहिता येत नसल्याने खाली सही करणारा अर्जलेखक हा अर्ज तिच्या सांगण्यावरून लिहीत आहे. त्याची बावीस वर्षे सातबारा, वारस आणि बांधाच्या भांडणांत गेली. डोळ्यांचा विषय त्याला नवा आहे.

१. अर्जदाराची सून प्रियांका दि. १२/११/२००९ रोजी सातव्या महिन्यातच बाळंत झाली. जुळे झाले. आधी मुलगी, चौदाशे ग्रॅम, मग मुलगा, अकराशे. मुलगी पहिल्या दिवसापासून घर डोक्यावर घेते. मुलगा रडण्याच्याही भानगडीत पडत नाही. त्याचे हे गप्प राहणे बघून अर्जदार घाबरली आणि म्हसा गावच्या देवाला नवस बोलली, की तिथल्या जत्रेत याला पायांवर घालीपर्यंत परक्याला याचे तोंड दाखवणार नाही. तेव्हापासून त्याच्या तोंडावर तिचा पदर असतो.

२. दि. २ रोजी डोळ्यांचा फोटो काढायला दोन्ही बाळे आणा, असा आपला निरोप आला. सून तापाने फणफणलेली, म्हणून अर्जदार एकटीच दोघांना घेऊन जीपने मुरबाडला आली. फोटो कॉम्प्युटरवरून मुंबईच्या डॉक्टरांकडे जातो, हे तिला रांगेत कळले. तिच्याच शब्दांत, "एवढासा जीव त्यो, त्याचा फोटू पार मुंबयला जानार, तिथं कोना कोनाची नजर लागंल, कसं कलनार?" तेव्हा तिने मुलीलाच दोनदा पुढे केले. पहिल्यांदा लाल टोपड्यात, मग जांभळीच्या झाडामागे जाऊन हिरव्या टोपड्यात. दुपट्यातून नुसते डोळे दिसत होते आणि कॅमेऱ्यालाही तेवढेच हवे होते. पत्र क्र. ४२ वर 'या बाळास थेंब फार लवकर लागू पडले' असा शेरा आहे. पडणारच, बाहुली मोठी करायचे ते थेंब त्याच डोळ्यांत तासाभरात दुसऱ्यांदा घातले होते. मुंबईच्या डॉक्टरांनी दोन्ही बाळे ठीक असल्याचे कळवून, जुळ्यांच्या डोळ्यांत इतके साम्य प्रथमच पाहिले, असेही कौतुकाने लिहिले आहे.

३. परवा अंगणवाडीच्या चंद्रकलाबाई घरी आल्या. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांत मागच्या बाजूला नको त्या शिरा वाढतात, बाहेरून काही दिसत नाही, वेळेत सापडले तर लेसरने नजर वाचते, उशीर झाला तर कायमची जाते, महिन्याच्या आत बघायला हवे, असे त्यांनी सांगितले.  मग अर्जदाराने दोन्ही बाळांपुढे लाल टोपडे हलवून पाहिले. दोघेही आढ्याकडेच बघत राहिले.

४. आज बाळ क्र. २ ला, म्हणजे मुलाला, चौतिसावा दिवस. अर्जदार पहिल्या एसटीने हजर झाली. आपल्या नोंदणी टेबलावर सांगण्यात आले, की ४२ ची तपासणी झालेली आहे, कॉम्प्युटर तोच क्रमांक एक महिना परत घेत नाही, त्यानंतरची पथकाची फेरी १३ जानेवारीला, तेव्हा या. फारच घाई असेल तर बाळ क्र. २ हे बाळ क्र. १ नसल्याचा सरपंचांचा दाखला आणा. महोदय, एक मुलगी आहे आणि एक मुलगा आहे. हे सिद्ध करायला सरपंच लागत नाहीत, लंगोट सोडला की पुरे. अर्जदार तो टेबलावर सोडायला निघाली होती, अर्जलेखकाने आवरली.

५. चूक सर्वस्वी अर्जदाराची आहे. हवी ती शिक्षा तिला द्या, पण कॉम्प्युटरने तिचा राग बाळावर काढू नये. देवाला दिलेला शब्द मोडतो आहे, ते ती देवाशी बघून घेईल. तो विषय आपल्या अखत्यारीत नाही. "मी लय शानपना केला, सायब. म्हातारीच्या शानपनापायी त्याला जलमभर काठी नका देऊ," एवढे जसेच्या तसे लिहायला तिने सांगितले आहे. आपली गाडी चार वाजता निघते. आता पावणेतीन झाले आहेत.

चुकलेली, पण आज खरे बाळ घेऊन आलेली,
सुंदरा कुंडलिक पष्टे (डाव्या हाताचा अंगठा)

लिहिणार : दामू देवराम गोजर, अर्जलेखक
मुरबाड, दि. १६/१२/२००९

सोबत :
१) तपासणीपत्रे क्र. ४१ व ४२.
२) टोपडी दोन, एक लाल, एक हिरवे.
३) बाळ क्र. २, समक्ष. आपल्या दाराबाहेरच्या बाकावर, अर्जदाराच्या मांडीवर. तोंडावरचा पदर तिने काढला आहे.