बाभुळबाईचं चौथं कडवं

९ एप्रिल १९८४

टक्... टक्... टक्! उमरेडच्या शाळेत गुरुजी टेबलावर अशीच पट्टी आपटून ठेका धरीत आणि अख्खा वर्ग एका गळ्याने कविता म्हणे. अर्धवट झोपेत मी बाकावर सावरूनही बसलो. डोळे उघडले — कसली पट्टी! माडीवर नातवाचा, मुकुंदाचा, ढोलवाला मित्र काड्या आपटत होता.

मुकुंदाने चार टाळक्यांचा बँड काढला आहे. नाव काय, तर 'राख'! ढोलवाला कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राच्या कॉलनीतला. वाळत घातलेल्या कपड्यांवर रोज राख बसते, त्यावरून सुचलं म्हणे. आता कॅसेट काढणार. शब्द यांचे, चाली यांच्या. ऐकणारेही हेच असणार!

१३ एप्रिल

"आबाजी, तुमची खोली पाह्यजे. भिंती जाड आहेत."

झालं! माझ्या भिंतींवर गाद्या टांगल्या, टेबलावर कुणाच्या तरी मामाचा स्पूलचा टेपरेकॉर्डर. मी गॅलरीत. वर कूलर बंद — त्याचा आवाज टेपमध्ये येतो म्हणून! आणि यांचा येतो, त्याचं काय?

सूनबाई म्हणते, "असू द्या ना मामंजी, नाक्यावर उभे राहण्यापरीस बरं."

एक गाणं दिवसभर ऐकलं. 'हे शहर मला गिळतं.' कोण गिळतं याला? दोन्ही वेळा आईच्या हातचं हाच गिळतो!

१४ एप्रिल

तेच. गिळतं, गिळतं, गिळतं.

१७ एप्रिल

वीज गेली. कोराडीला वीज तयार होते आणि आमच्या महाल पेठेत अंधार! पोरं घामाने थबथबून गॅलरीत आली. म्हटलं, बसा, गाणं कशाला म्हणतात ते ऐका. आणि गुरुजींची कविता म्हटली—

बाभुळबाई, बाभुळबाई,
काट्यावाचुन करमत नाही?

गुरुजींनी स्वतः रचलेली. कुठे छापली नाही. आम्हांलाही उतरवून घेऊ देत नसत — "कागदावर गेली की डोक्यातून जाते!" तोंडानेच शिकवायचे. एकेका बाकाला एकेक कडवं वाटून दिलेलं. तीन कडव्यांत पोरं बाभळीला टोचून विचारतात, आणि चौथ्यात बाभूळ उत्तर देते.

तीन म्हणून थांबलो.

"अन् चौथं?" मुकुंदा.

चौथं आमचं नव्हतंच. दाराशी गोणपाटावर दोन मुली बसत, त्यांचं. त्या म्हणू लागल्या की आम्ही पोरं पाट्या पुसायला घेत असू. मुलींचं कोण ऐकतो! त्यांची नावंसुद्धा आठवत नाहीत.

"म्हणजे बाभूळ काय म्हणाली, तुमाले माहीतच नाही?" ढोलवाला फिदीफिदी हसला. मूर्ख.

१८ एप्रिल

झोप नाही. गुरुजी गेले, बाकावरचे सगळे गेले. सत्तरी उलटली, आणि अजून आंघोळ करताना तीन कडवी म्हणतो आणि तांब्या हातात धरून उभा राहतो. पुढे काय? ते कळल्याशिवायच जायचं?

२० एप्रिल

यंत्रासमोर बसलो. हौस म्हणून नव्हे! चाल कशी सरळ असते ते या माकडांना कळावं म्हणून. तीन कडवी एका दमात झाली. ढोलवाल्याने मात्र पट्टीचा ठेका बरा धरला. (त्याला सांगितलं नाही.)

मी थांबलो तरी त्याचं टक् टक् चालूच. एका कडव्याइतकं.

"बंद कर की रे!"

"राहू द्या आबाजी," मुकुंदा म्हणाला. "तिची जागा ठेवून राहिलो."

तिची म्हणे! बाभळीची का मुलीची, विचारलं नाही.

११ जून

कॅसेट आली. चित्र काळं, अक्षरं करडी, वाचायला भिंग लागतं. एवढंच वाचता आलं— 'कवितागायन : चंपतराव', म्हणजे मी, आणि खाली चक्क आपल्या घराचा पत्ता! ऐकणारे पत्रं पाठवतील म्हणून. पाठवतील हं! पोतंभर!

२४ जून

पत्र एकही नाही. एका दैनिकात चार ओळी : गोंगाट, पाश्चात्त्यांची नक्कल, आणि 'शेवटचे गीत अपुरे, बहुधा ध्वनिमुद्रणातील दोष.' दोष! गाढवाला टक् टक् ऐकू आलं नाही?

पुढचं वाक्य : 'वृद्ध गायकास विश्रांतीची गरज आहे.'

सूनबाई पदराआड हसत होती. मी पाहिलं.

२ जुलै

सीताबर्डीचा दुकानदार अर्ध्या कॅसेटी परत देऊन गेला. "गिऱ्हाइकं म्हणतात, शेवटी बुढा अर्ध्यातच बंद पडते."

मुकुंदा हसला आणि माडीवर गेला. काड्यांचा आवाज नाही, काही नाही. घर कसं शांत! मला हेच हवं होतं ना?

तीन कडवी म्हणून पाहिली. तांब्या तसाच हातात.

८ जुलै

दुपारी दारावर थाप. परत आलेल्या कॅसेटी असतील म्हणून रागानेच दार उघडलं. एक म्हातारी. नऊवारी, तोंडात दोनच दात, काखोटीला पिशवी, उमरेडच्या बसची धूळ अंगावर.

"चंपत्या तूच का गा?"

या नावाने मला हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं.

"मी यमी. गोणपाटावरची. नातू तुमची ते कॅसेट वाजवून राहिला होता. किती बेसूर म्हणतं गा तू! अन् आमच्या कडव्याच्या जागी नुसतं टक् टक्! काहून? आम्ही का मेलो होतो?"

माडीवरून मुकुंदा धावत आला, मागे ढोलवाला, हातात काड्या.

तिने उंबऱ्यातच पिशवी टेकवली. घसा खाकरला.

"मान वरी कर, पोरा, थोडी—"

आणि थांबून माझ्याकडे पाहिलं.

"पाणी आण आधी. मंग पुढचं सांगतो. अन् ह्या खेपेले पाटी पुसत बसशील तं पाह्य!"