सावलीतल्या कुंडीबाबत

मुलगा शेवटची कुंडी गच्चीवर नेत होता, ती मी जिन्यातच त्याच्या हातून हिसकावून घेतली. बाकीची रोपे त्याने कालच उन्हात मांडली. त्यांची पाने पांढरीफटक पडून ती मेली. म्हणून वकिलाची वाट न पाहता, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाखाली नव्हे तर केवळ संतापाने, मी हे मृत्युपत्र लिहीत आहे.

१. घर आणि बँकेतली शिल्लक मुलाची. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

२. वाचलेले रोप मुलाचे नाही. झाड साखरेपासून क जीवनसत्त्व बनवते आणि ऊन वाढले की अधिक बनवते, कारण तेच पानाला उन्हापासून सांभाळते. या रोपाच्या वंशात ते बनवण्याची एक पायरी जन्मतः अधू आहे. त्याला सावलीच हवी. हे ऐकत मुलगा लहानाचा मोठा झाला. तरी म्हणतो, "अगं आई, मरगळलंय ते. जरा ऊन खाऊ दे की!" रोप म्हणजे काय ओला टॉवेल आहे?

मी जिथे काम केले त्या प्रयोगशाळेने या वंशाचे बी फ्रीज साफ करताना फेकून दिले. आता आहे ते एवढेच. शेंगा अजून हिरव्या आहेत. त्या पिकण्याआधी रोप गेले, तर वंश संपला.

३. प्रयोगशाळेच्या प्रमुखांना काहीही नाही. शोकसभेत त्यांना बोलू देऊ नये. झाडात क जीवनसत्त्व मोडते कसे, ते मला शोधायचे होते. भर बैठकीत ते म्हणाले होते, "बाई, बनतं कसं ते ठीक आहे. मोडतं कसं, याचं काय लोणचं घालायचंय?" सगळे हसले. माझे टेबल खिडकीपाशी होते, ते जिन्याखाली गेले. कच्च्या द्राक्षाने त्यांचे दात आंबत असतील, तर ते आंबवणारे आम्ल वेलीने क जीवनसत्त्व मोडूनच केलेले असते. दुसरी काही झाडे त्याच जीवनसत्त्वाचे ऑक्झॅलिक आम्ल करतात. झाड काय बनवते एवढेच विचारणाऱ्याला अर्धेच झाड दिसते.

४. रोप, त्याच्या शेंगा आणि माझा सूक्ष्मदर्शक सुनेला. या घरात आल्यावर भांडी विसळताना तिने विचारले होते, "पण आई, मोडून ते जातं कुठं?" तोवर घरात कोणी विचारले नव्हते.

साक्षीदार: खालच्या मजल्यावरचा शिंपी, समोरच्या घरातली परिचारिका. शिंपी म्हणाला, "ताई, रागात सही वाकडी येईल." येऊ दे.

ठिकाण: राहते घर, गच्चीचा जिना.
दिनांक: रोपे भाजली त्याच्या दुसऱ्या दिवशी.
सही

पुरवणी, सही केल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी: कुंडीत दोन काठ्या रोवून मुलाने रोपावर सावलीला माझी चांगली चादर ताणून बांधली आहे. मला विचारले नाही. शेंगा हिरव्या आहेत. कलम २ बदललेले नाही. चादर त्याला द्यावी.